निवडणुकीत बंदूक कुठे जमा करावी: पोलीस स्थानक की दुकान?

गोव्यातल्या सत्तरी, सांगे, काणकोणात रानडुकरांपासून कुळागर (सुपारी-नारळाची बाग) राखायला परवान्याची १२ बोअर बंदूक लागते. आचारसंहितेत छाननी समितीने (कोणाची शस्त्रे जमा करायची हे ठरवणाऱ्या) सांगितल्यावर ती पोलीस स्थानकात किंवा परवानाधारक शस्त्रविक्रेत्याकडे जमा करायची.

स्थानक जवळ पडते, पण खोली दमट असली तर नळी गंजते. विक्रेता भाडे घेतो, मात्र कोरडे कपाट मिळते. आमची पसंती दुकानालाच: पाचपैकी साडेतीन तारे. अर्धा पावतीसाठी कापला, कारण घाईत नळीवरचा क्रमांक चुकीचा उतरवतात आणि नूतनीकरणाला तेच आडवे येते. क्रमांक स्वतः ताडून पाहा, काडतुसे मोजून लिहून घ्या.

देण्याआधी बंदूक उघडून कोठी रिकामी असल्याची खात्री करा, नळी पुसून तेलाचा पातळ हात द्या. कातडी म्यानात मुळीच ठेवू नका, ते ओल धरते.

यातून जीव वाचतात का? देशात बंदुकीने होणारे बहुतेक खून विनापरवाना शस्त्रांनी होतात; तिथे ही सोय तोकडीच. पण दारूच्या भरातले भांडण, आत्महत्येचा एखादा क्षण, पोराच्या हाती लागलेले काडतूस, इथे बंदूक घरात नसणेच कामी येते. ऑस्ट्रेलियाने १९९६ पासून सुमारे साडेसहा लाख बंदुका विकत घेऊन नष्ट केल्या. बंदुकीने होणाऱ्या आत्महत्या नंतर ठळक घटल्या. आपल्याकडे २०१९ च्या दुरुस्तीने सामान्य परवानाधारकाची मर्यादा ३ वरून २ शस्त्रांवर आणली. तिसरी अजून घरात असेल तर दुकानात आधी तेवढे विचारा.