पाणी मोजा, बाण नका मोजू: डी अँड डीत शिधा आणि राहणीखर्च सांभाळण्याचा आमचा अनुभव

निकाल आधीच सांगून टाकतो. डी अँड डीत, म्हणजे डंजन्स अँड ड्रॅगन्स या टेबलाभोवती बसून पात्रं वठवायच्या खेळात, शिध्याचा हिशेब ठेवायचाच असेल तर सगळ्या वस्तूंना एक नियम लावू नका. पाणी काटेकोर मोजा, बाण आणि मशाली डाइसवर सोडा, राहण्याखाण्याचा खर्च महिन्यातून एकदाच कापा, आणि अन्नाच्या फार मागे लागू नका. दिवाळीनंतर सुरू केलेली आमची वाळवंटातली कॅम्पेन (अनेक बैठकांत चालणारी एक सलग गोष्ट) पावसाळ्याच्या तोंडावर संपली. तेवढ्या महिन्यांत बऱ्याच पद्धती वापरून झाल्या. काही टाकल्या, काही अर्ध्यामुर्ध्या ठेवल्या. मूळ नियम २०१४च्या पाचव्या आवृत्तीचे, बाकी उसनवारी.

टेबल असं: डीएम, म्हणजे गोष्ट चालवणारा, मी, खेळाडू पाच, जागा नागपूरच्या लक्ष्मीनगरातल्या मित्राचा फ्लॅट, वेळ रविवारची दुपार. पाचांपैकी एकाच्या घरी इतवारीत धान्याचा ठोक व्यापार आहे. वयानं मोठा म्हणून तो आधी नुसता ‘भाऊ’ होता, हिशेब त्याच्याकडे गेल्यापासून ‘मुनीमजी’ झाला.

याआधी आम्ही काहीच मोजत नव्हतो, आणि मी पाहिलेल्या इतर टेबलांवरही हीच गत आहे. शीटवर, म्हणजे पात्राच्या माहितीच्या कागदावर, ‘रेशन १०’ लिहिलेलं असतं आणि कॅम्पेन संपेपर्यंत ते दहाचं दहाच राहतं. यात खेळाडूंचा दोष कमी. १९८१च्या बेसिक आवृत्तीत तळघरातला वेळ दहा-दहा मिनिटांच्या टर्ननं पुढे सरकायचा आणि एक मशाल सहा टर्न जळायची. म्हणजे मशाल हेच घड्याळ होतं. आताच्या नियमांत मशालीचा तास तसाच राहिलाय, पण तो मोजायला लावणारी टर्नची चौकट गेली. आकडे उरले, त्यांचा धाक गेला.

सुरुवात पुस्तकात आहे तशीच केली. एका दिवसाचं रेशन ५ सिल्व्हर, वजन २ पौंड (सिल्व्हर, कॉपर, गोल्ड ही खेळातली चांदीची, तांब्याची, सोन्याची नाणी). मशाल १ कॉपर, जळते एक तास. कंदिलात तेलाची एक बाटली सहा तास पुरते. वीस बाण १ गोल्डला, आणि लढाई संपल्यावर मिनिटभर शोधाशोध केली तर मारलेल्यांपैकी निम्मे परत मिळतात. ओझं उचलायची हद्द स्ट्रेंग्थच्या, म्हणजे पात्राच्या ताकदीच्या आकड्याच्या, १५ पट पौंड. आकड्यांत काही खोट नाही, खोट आहे ती हे सगळं कागदावर उतरवण्यात. सात बाण मारले, तीन परत, मग पाच मारले, दोन परत. आमच्या रेंजरच्या, म्हणजे तिरंदाज पात्राच्या, शीटवर बाणांचा चौकोन खोडरबरानं इतका घासला की कागदाला भोक पडलं. मग मोबाइलवर स्प्रेडशीट करून पाहिली. प्रत्येक लढाईनंतर पाचही जण माना खाली घालून फोनमध्ये. एकदा फोन हातात आला की कोण कुठल्या ॲपमध्ये जाईल काही नेम नाही. ती बंद केली.

दुसरी पद्धत युसेज डाइसची. ही २०१६च्या ब्लॅक हॅक या खेळामुळे बऱ्याच जणांपर्यंत पोहोचली, आणि २०१८च्या फॉरबिडन लँड्समध्ये अन्न, पाणी, बाण, मशाली हे सगळं अशाच डाइसवर चालतं. वस्तू मोजायची नाही, साठ्याला एक डाइस द्यायचा. वापर झाला की टाकायचा. १ किंवा २ आला तर डाइस एक पायरी खाली: डी-८ (आठ बाजूंचा डाइस) चा डी-६, डी-६ चा डी-४. डी-४ वरही १ किंवा २ आला की साठा संपला.

गणित करून पाहिलं तर मजा आहे. डी-४ सरासरी २ वेळा टाकता येतो, डी-६ ३ वेळा, डी-८ ४ वेळा. म्हणजे डी-८ पासून निघालेला भाता सरासरी ९ लढाया पुरतो, डी-६ पासून निघालेला ५, डी-१२ पासून निघालेला २०. पण सरासरी ती सरासरीच. डी-८ लागोपाठ तीन वेळा पडून साठा उडण्याची शक्यता चोविसात एक आहे आणि डी-६ ची दोन फटक्यांत उडण्याची सहात एक. डी-१२ चं असं पाच फटक्यांत व्हायला ७२० वेळांतून एकदा. हे लक्षात ठेवा, पुढे पाण्याच्या वेळी कामाला येईल.

बाणांसाठी ही पद्धत फक्कड. लढाई संपली की रेंजर एकदा डाइस टाकतो आणि विषय मिटतो. शिवाय डी-४ वर आल्यापासून तो नेम धरताना चक्क विचार करायला लागला, जे वीस बाण मोजून लिहिताना कधीच झालं नव्हतं.

सामानाचं म्हणाल तर आम्ही सीताबर्डीतून जाड कार्डशीट आणून पोस्टकार्डाएवढी कार्डं कापली. एका कार्डावर एक साठा, आणि त्याच्यावर त्या घडीचा डाइस ठेवायचा. उन्हाळ्यात कुलर सुरू झाला तेव्हा कळलं, ही रचना किती सोयीची आहे. नागपुरातल्या कुलरच्या झोतात नुसते कागद टिकत नाहीत, डाइसखालचं कार्ड मात्र हलत नाही. अडचण एकच: साध्या सात डाइसच्या सेटमध्ये डी-८ एक आणि डी-४ ही एकच असतो. पाच जणांचे भाते आणि मशाली म्हटल्यावर सुटे डाइस वेगळे मागवावे लागतात. तो खर्च धरून चाला.

आता पाणी, कारण खरी कसोटी तिथेच लागली.

पुस्तकाप्रमाणे माणसाला दिवसाला १ गॅलन पाणी लागतं, उष्ण हवेत २. दोन गॅलन म्हणजे साडेसात लिटर. मे महिन्यात नागपुरात दुपारी बाहेर फिरलेल्या माणसाला हा आकडा पटवून द्यावा लागत नाही. एका पखालीत ४ पिंट, म्हणजे अर्धा गॅलन, मावतात आणि भरलेली पखाल ५ पौंडांची. म्हणजे उष्ण दिवसाचं पाणी माणशी चार पखाली, २० पौंड. तीन दिवसांची वाट असेल तर ६० पौंड नुसतं पाणी. आमच्या विझर्डची (जादूगाराची) स्ट्रेंग्थ ८, हद्द १२० पौंड. निम्मं बळ पाण्यातच गेलं.

सुरुवातीला पाणीही डाइसवर ठेवलं होतं. डी-८, दिवसातून दोनदा टाकायचा. दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत तीन फटक्यांत पखाली रिकाम्या. चोविसात एक, ती नेमकी तेव्हा आली. रेंजर उसळलाच: “अबे, चार पखाली मोजून भरल्या होत्या मी! पाणी गेलं कुठी?” मी म्हटलं, सांडलं असेल, उडालं असेल. तो म्हणाला, “सांडलं तर सांडताना दाखव ना मग.”

बरोबर बोलला तो. किती बाण उरलेत हे धामधुमीत कोणी मोजत नाही, त्यामुळे भाता अचानक रिकामा झाला तर पटतं. वाळवंट ओलांडणारा माणूस पाणी घोटाघोटानं मोजत असतो. जी गोष्ट कॅरेक्टर स्वतः मोजत असेल ती डाइसवर टाकायची नाही, असा नियम तिथून पुढे आमच्या टेबलावर लागू झाला.

पाणी मुनीमजींकडे आकड्यांनी गेलं आणि खेळाचा रंग पालटला. नियमही इथे चांगले कडक आहेत. गरजेच्या निम्मंच पाणी मिळालं तर डीसी १५चा कॉन्स्टिट्यूशन सेव्ह (डाइसच्या आकड्यात काटकपणाचा मॉडिफायर मिळवून १५ गाठायचे), हुकला तर एक्झॉशनची, म्हणजे थकव्याची, एक पातळी. निम्म्याहूनही कमी मिळालं तर सेव्ह नाहीच, पातळी थेट चढते. आधीचं एक्झॉशन अंगावर असेल तर एकदम दोन. सहावी पातळी म्हणजे मरण. उपासमार त्या मानानं सौम्य: ३ अधिक कॉन्स्टिट्यूशनचा मॉडिफायर एवढे दिवस काही न खाता निघतात. म्हणून म्हटलं अन्नाच्या मागे लागू नका, वाट सहसा त्याआधीच संपते.

शिवाय अन्नाचा बंदोबस्त पहिल्या लेव्हलपासूनच (पात्राच्या प्रगतीच्या पहिल्या पायरीपासूनच) होतो. गुडबेरी या स्पेलमधून (मंत्रातून) दहापर्यंत बोरं निघतात आणि एक बोर एका माणसाला दिवसभर पुरतं. हा स्पेल टेबलावर असला की रेशनचं कार्ड काढून ठेवलं तरी चालतं. आउटलँडर बॅकग्राउंडवाला (रानावनात वाढलेलं पात्र) स्वतःसाठी आणि आणखी पाच जणांसाठी अन्नपाणी शोधतो, हेही आमच्यात निघालं. पण त्याच वाक्यात अट आहे की त्या भूमीत ते मिळण्यासारखं हवं. वाळूच्या टेकाडांत नाही मिळत, वाद संपला.

उरला क्रिएट ऑर डिस्ट्रॉय वॉटर हा पाणी तयार करणारा स्पेल. पहिल्या लेव्हलचा स्लॉट (दिवसाला मोजकेच मंत्र टाकता येतात, त्यातली एक जागा), १० गॅलन स्वच्छ पाणी. बऱ्याच डीएमना वाटतं, या स्पेलनं वाळवंटातली हवाच काढून घेतली, आणि ते त्याच्यावर बंदी घालतात. मला ती बंदी पटत नाही. हिशेब बघा: पाच माणसं, उष्ण हवा, माणशी २ गॅलन, बरोबर १०. एका स्लॉटमध्ये माणसांचं भागतं, उंटाचं नाही. त्याच्या आकाराच्या प्राण्याला दिवसाला ४ गॅलन लागतात. मग दुसरा स्लॉट, आणि दुसरा स्लॉट म्हणजे संध्याकाळी कोणी पडला तर एक उपचार कमी. तसंच पाणी उघड्या भांड्यात तयार होतं. बादलीत ३ गॅलन मावतात, मग दहाचं भांडं कुठून आणणार? मुनीमजींनी पुढच्या गावात पहिली खरेदी केली ती पिपाची. ४० गॅलन मावणारं, २ गोल्डचं. नुसतं रिकामं पीपच ७० पौंडांचं, म्हणून ते वाहायला आणखी एक उंट, ५० गोल्ड. तो उंट पुन्हा ४ गॅलन पिणार. ह्या चर्चेत एक अख्खा रविवार गेला आणि एकही लढाई झाली नाही. कोणी कुरकुर केली नाही, उलट त्या दिवशी तर्री-पोहे आले तरी कोणी उठायला तयार नव्हतं.

मशालींवर थोडं. डार्कव्हिजन (अंधारात पाहायची शक्ती) असलेली कॅरेक्टरं ‘आम्हाला उजेड कशाला’ म्हणतात, पण पूर्ण अंधारात डार्कव्हिजनला मंद उजेडाइतकंच दिसतं आणि डोळ्यांनी शोधायच्या परसेप्शनला डिसॲडव्हान्टेज लागतो, म्हणजे दोन डाइस टाकून कमी आकडा घ्यायचा. सापळे हुकायला लागले की मशाली आपोआप पेटतात. २०२३च्या शॅडोडार्क या खेळातला नियमही वापरून पाहिला. त्यात मशाल घड्याळाच्या खऱ्या एका तासात विझते. टायमर लावला. पहिल्यांदा धमाल आली. पण आमच्या टेबलावर मध्येच कोणाच्या घरून फोन, कोणाचा गाडी लावण्यावरून खालच्यांशी वाद. टायमर थांबवायचा की नाही यावरच हुज्जत सुरू झाली. शिस्तीचा ग्रुप असेल तर जरूर वापरा, आम्ही त्यातले नाही.

राहणीखर्चाकडे येतो. पुस्तकात हलाखीपासून सरदारी थाटापर्यंतच्या राहणीचा दर दिवसाचा तक्ता आहे: स्क्वॉलिड १ सिल्व्हर, पुअर २ सिल्व्हर, मॉडेस्ट १ गोल्ड, कम्फर्टेबल २, वेल्दी ४, ॲरिस्टोक्रॅटिक किमान १०. रोज कापणं म्हणजे डोक्याला ताप. गावात मुक्काम पडला की मुनीमजी महिन्याचे एकदम कापतात: मॉडेस्ट ३०, कम्फर्टेबल ६०, वेल्दी १२०. पहिल्या दोन-तीन लेव्हलांत हा खर्च चांगला टोचतो. बार्डनं (गवई पात्रानं) वेल्दी लिहिलं आणि महिन्याच्या शेवटी वीणा गहाण टाकायची पाळी आली. पाचव्या लेव्हलच्या आसपास मात्र खजिने असे हाती लागतात की १२० गोल्ड कोणाच्या गिनतीतही राहत नाही. १९७९च्या ॲडव्हान्स्ड डी अँड डीच्या डीएम मार्गदर्शकात यावर राकट उपाय होता: दर लेव्हलमागे महिन्याला १०० गोल्ड. पाचव्या लेव्हलवाल्याचे ५०० गेलेच. आम्ही त्याचा चौथा हिस्सा घेतला, लेव्हलमागे २५, आणि त्यात शस्त्रांची डागडुजी, नोकर, लाचलुचपत सगळं आलं असं धरलं. पैसा पुन्हा मोजून वापरला जाऊ लागला. आणि हो, खर्चाला परिणाम हवा. आमच्याकडे स्क्वॉलिड राहणाऱ्याला वस्तीतल्या बातम्या फुकट कळतात पण हवेलीचा दरवान आत सोडत नाही, वेल्दीचं नेमकं उलट. हे नसेल तर राहणीखर्च म्हणजे नुसता कर.

मध्ये दोन रविवार ट्रॅव्हलर हा अंतराळप्रवासाचा खेळ खेळलो, कारण खर्चाच्या बाबतीत तो सगळ्यांचा बाप आहे. अंतराळजहाज कर्जावर घ्यायचं, दर महिन्याला किमतीचा २४०वा भाग भरायचा, असे ४८० महिने, म्हणजे ४० वर्षं. मनीषनगरात नुकताच फ्लॅट घेतलेल्या आमच्या क्लेरिकनं (पुरोहित खेळणाऱ्या मित्रानं) कागद बघितला आणि म्हणाला, “भाऊ, रविवारी पण ईएमआयच भरून राहिलो का आपण?” पुढच्या आठवड्यात परत वाळवंटात.

कोणी वापरावं? महिन्यातून एकदा, दोन तास भेटणाऱ्यांनी यातलं काहीही करू नये. लढाईसाठीच जमणाऱ्यांनी फार तर बाणांचा डाइस घ्यावा. लांब प्रवासाची कॅम्पेन असेल तर मात्र पाणी आणि ओझं मोजाच, आणि मोजायचं काम डीएमनं स्वतःच्या अंगावर घेऊ नये. खेळाडूंपैकी ज्याला आकड्यांची हौस आहे त्याला द्यावं. मुनीमजी वही उघडून “आज रात्री सहा गॅलन शिल्लक” म्हणतात तेव्हा टेबल ऐकतं. तेच मी म्हटलं की डीएम छळतोय असं वाटतं.

पुढची कॅम्पेन जंगलात आहे, भर पावसात. पाण्याचं कार्ड निघालं. त्या जागी मुनीमजींनी आत्ताच दोन नवी कापलीत: एक कोरड्या मशालींचं, एक बुरशी न लागलेल्या रेशनचं. दोन्ही डाइसवर.