स्थळ आलंय: खूण मागायची की पारखून घ्यायचं?

खूण माग नाहीतर पारखून घे, प्रार्थना दोन्हीकडे करायचीच आहे गं, प्रश्न एवढाच की देवाचं उत्तर ओळखायचं कसं. इंदूरला आपली मराठी ख्रिस्ती घरं मोजकी, त्यामुळे स्थळं पुणे-नगर-मिरजेकडची येतात, मुलगा एकदा ट्रेनने येऊन जातो, चहा-पोहे होतात आणि आठ दिवसात हो की नाही सांगा म्हणून फोन सुरू. एवढ्या घाईत माणूस खूणच मागतो.

मी पण मागितली होती. प्रभू, रविवारच्या उपासनेआधी त्यांचा फोन आला तर हीच तुझी इच्छा. शनिवारी रात्री फोन आला, मी आनंदाने रडले, साखरपुडा झाला आणि दोन महिन्यांनी कळलं की मुलाचं पिणं त्यांच्या सगळ्या नातेवाइकांना माहीत होतं, फक्त आम्हाला नव्हतं. मोडलं. आई कित्येक रविवार चर्चला आली नाही. फोन तर येणारच होता, घाई त्यांना होती.

खूण मागणारे बायबलातल्या गिदोनाची लोकर सांगतात, रात्री बाहेर ठेवलेल्या लोकरीवरच दव पडू दे अशी खूण त्याने देवाकडे मागितली होती. पण शास्ते ६ मध्ये देवाने त्याला काय करायचं ते आधीच सांगितलेलं, लोकर त्याच्या धास्तीपोटी होती आणि विषय लढाईचा. अब्राहामाचा सेवक धन्याच्या मुलासाठी बायको शोधायला जातो ती गोष्ट वेगळी, उत्पत्ती २४ हळूहळू वाच. जी मला पाणी देईल आणि उंटांनाही पाजते म्हणेल तीच, असं तो मागतो. उंट १०. तहानलेला उंट एका वेळी १०० लिटरच्या आसपास पिऊ शकतो, आणि ही मुलगी, रिबका, घागरीने धावत धावत ओततेय. म्हणजे त्याने मागितलेली खूण हीच पारख होती, स्वभाव दिसला त्यात. तरी तो लगेच उड्या मारत नाही, गप्प राहून बघतो, मग कोणाची मुलगी ते विचारतो, घरच्यांशी बोलतो, आणि शेवटी रिबकेलाच बोलावून विचारतात, या माणसाबरोबर जातेस का? ती म्हणते, जाते. तिला विचारलं गेलं, हे मला फार मोठं वाटतं.

पारखण्यात वेळ जातो, घरचे वैतागतात, एखादं चांगलं स्थळ हातचं जातंही. शिवाय पारखता पारखता पगार, रंग, फ्लॅट अशी यादी वाढत जाते आणि प्रार्थना मागे पडते, हा धोका खराच. म्हणून दुसऱ्या वेळी मी आधी १ करिंथ ७:३९ धरलं, लग्न 'केवळ प्रभूमध्ये', म्हणजे नुसता बाप्तिस्म्याचा दाखला नाही, तो स्वतः विश्वासात चालतो का. बाबांनी त्याच्या मंडळीच्या पाळकांना फोन केला, मामा त्याच्या ऑफिसात चौकशी करून आला, मी त्याला सरळ विचारलं कर्ज आहे का, राग आला की काय करतोस. चार महिने गेले. मग एकदा सगळे सराफ्यात, इंदूरच्या रात्रीच्या खाऊबाजारात गेलो, गर्दीत एका पोराच्या हातून गरम दुधाचा ग्लास याच्या शर्टावर सांडला आणि हा आधी त्या पोराचा हात भाजला का ते बघतोय. मला उंट आठवले. आणि ही खूण मी मागितलीच नव्हती.

कोणी म्हणालं, प्रभूने मला दाखवलं तुझं लग्न याच्याशीच, तर नम्रपणे म्हण, मलाही दाखवू दे.

माझं मत पारखण्याच्या बाजूने, पण रोज गुडघे टेकून. चर्चसुद्धा बॅन्स, म्हणजे ठरलेल्या लग्नाची जाहीर सूचना, तीन रविवार वाचतं, कोणाची हरकत असेल तर पुढे यावी म्हणून, मग तू आठ दिवसांची मुदत का मानायची? त्यांच्याकडे दोन महिने माग, ते काय म्हणतात तेही नीट ऐक, आणि आजच बाबांना सांग मुलाच्या पाळकांचा नंबर काढायला.