फेरेटचा पिंजरा बैठकीत ठेवावा की मागच्या खोलीत?

नागपुरात फेरेट (मुंगसासारख्या लांबट अंगाचा छोटा पाळीव प्राणी) पाळणाऱ्यांपुढे पिंजऱ्यासाठी सहसा दोनच जागा असतात: वर्दळीची बैठक किंवा घराच्या मागच्या बाजूची खोली. निर्णय बहुधा सोयीने होतो; प्रकाशाचा विचार क्वचितच केला जातो.

फेरेटचे शरीर ऋतू ओळखते ते दिवसाच्या लांबीवरून. अंधारात मेंदूतील पिनियल ग्रंथी मेलाटोनिन हे संप्रेरक स्रवते आणि ते प्रजननाच्या संप्रेरकांना आवर घालते. प्रकाशाचे तास वाढले की हा आवर सुटतो. नसबंदी झालेल्या प्राण्यात अंडाशयाकडून किंवा वृषणांकडून येणारा रोधही उरलेला नसल्याने मेंदूच्या तळाशी असलेल्या पीयूषिका ग्रंथीचा सततचा इशारा मूत्रपिंडांजवळच्या ॲड्रिनल ग्रंथींवर पडत राहतो, त्या वाढतात आणि पुढे त्यांत गाठीही होऊ शकतात. दोष एकट्या दिव्याचा नाही, नसबंदीचा वाटा मोठा मानला जातो. पण ती आधीच होऊन गेलेली असते आणि दिव्याचे बटण मात्र आपल्या हातात असते.

नागपूरचा नैसर्गिक दिवस जूनमध्ये सुमारे साडेतेरा तासांचा, तर डिसेंबरात जेमतेम अकरा तासांचा असतो. सकाळी सहापासून रात्री बारापर्यंत ट्यूबलाइट किंवा टीव्ही चालणाऱ्या बैठकीत तो बाराही महिने अठरा तासांचा होतो, म्हणजे लंडनच्या ऐन जूनमधल्या दिवसाहूनही लांब. मागच्या खोलीत जाड पडदे लावून संध्याकाळी दिवा मालवला की बारा-चौदा तासांचा अंधार सहज मिळतो. बैठकीच्या बाजूने एवढेच म्हणता येईल की माणसांचा सहवास तिथे आपोआप मिळतो. मागच्या खोलीत ठेवल्यास रोज मोकळे सोडून खेळवण्याची वेळ ठरवून काढावी लागते.

उन्हाळ्यात मात्र हिशेब बदलतो. फेरेटला घाम येऊन अंग थंड करता येत नाही आणि तापमान तिशीपलीकडे गेले की उष्माघाताचा धोका सुरू होतो. मे महिन्यात पारा पंचेचाळिशीला टेकणाऱ्या शहरात पश्चिमेच्या भिंतीची खोली त्याच्यासाठी भट्टी ठरते. कूलरवर भिस्त ठेवू नये, कारण तो दमटपणा वाढवतो आणि त्यासाठी उघडी ठेवलेली खिडकी उजेडही आत आणते. बैठकीतल्या पिंजऱ्यावर जाड चादर टाकून अंधार करण्याचा उपाय हिवाळ्यात चालेल, पण एप्रिल ते जून हवा कोंडणारी चादर नकोच. घरातला एसी फक्त बैठकीत असेल, तर ते तीन महिने पिंजरा निःसंकोच बैठकीत आणावा आणि तिथले दिवे लवकर मालवावेत: उष्माघात काही तासांत जीव घेऊ शकतो, प्रकाशाचा परिणाम वर्षांनी दिसतो. एरवी माझा कौल मागच्या खोलीला आहे.

दिव्याच्या रंगाला लोक गरजेपेक्षा जास्त महत्त्व देतात. निळसर पांढरा एलईडी मेलाटोनिनला अधिक रोखतो, पिवळसर कमी आणि लाल झिरोचा बल्ब त्याहून कमी, हे खरे. तरी रात्री साफसफाईपुरता लाल दिवा ठेवण्यापलीकडे त्यावर खर्च करण्याचे कारण नाही. साधा टायमर अधिक उपयोगी पडतो.

शेपटीपासून सुरू होऊन दोन्ही कुशींवर सारखेच केस विरळ होणे, नसबंदी झालेल्या मादीची योनी सुजणे किंवा नराला लघवी करताना जोर लावावा लागणे, ही ॲड्रिनल ग्रंथींच्या आजाराची लक्षणे आहेत; यांपैकी काहीही दिसल्यास जागा बदलून भागणार नाही. नराची लघवी अडली असेल तर त्याच दिवशी पशुवैद्यकाकडे न्यावे; बाकी लक्षणांत डेस्लोरेलिनचे (प्रजननाच्या संप्रेरकांना आवर घालणाऱ्या औषधाचे) त्वचेखाली बसवायचे इम्प्लांट की शस्त्रक्रिया, हे तपासणीनंतर त्यांनाच ठरवू द्यावे.