क्लोंडाइकची प्रेमकथा: सहा महिन्यांत तीनदा वाचल्यावर

मार्चमध्ये ही कादंबरी घेतली आणि चार दिवसांत संपवली. शेवटी रडलेही. तेव्हाच लिहिलं असतं तर पाचपैकी पाच दिले असते. त्यानंतर अजून दोनदा वाचली, मधल्या काळात क्लोंडाइक या कॅनडातल्या सोन्याच्या प्रदेशाबद्दल हाती लागेल ते वाचत गेले. आज चार देते.

काळ १८९८ चा, जागा कॅनडातल्या युकॉनमधलं डॉसन. सोन्याच्या मागे निघालेल्या गर्दीत एकटी आलेली नायिका पुढे तिथे खाणावळ चालवते. तिची आणि एका खाणवाल्याची ही गोष्ट.

पहिल्यांदा डॉसनच्या वाटेवरच्या चिलकूट खिंडीची पानं मी भराभर उलटली होती, आता तीच सगळ्यात जास्त आवडतात. माथ्यावर कॅनडाचे पोलीस. वर्षभराचा शिधा दाखवल्याशिवाय पुढे सोडत नसत. तंबू, अवजारं धरून ते ओझं जवळजवळ एक टन. पाठीवर एका वेळी २५-३० किलो, म्हणजे तोच बर्फाचा चढ ३०-४० वेळा! लेखिकेने प्रेमाची सुरुवात इथे केली आहे. तो तिची गोणी उचलायला जात नाही. पट्टा तिच्या खांद्याला काचतोय तिथे आपला एक हातमोजा दुमडून घालतो आणि उतरायला लागतो. त्या थंडीत हातमोजा देणं म्हणजे काय, हे मला तिसऱ्या वाचनात कळलं.

हिवाळ्याचा भाग काहींना रेंगाळलेला वाटेल. मला तसा वाटला नाही. तिथली जमीन बारमाही गोठलेली. रात्री जाळ करायचा, मऊ झालेली माती सकाळी उपसायची, बाहेर ढीग लावायचा. पाणी वाहू लागलं की वसंतात ती धुवायची आणि सोन्याचा खरा हिशेब तेव्हा. तो तिला महिनोन्‌महिने काहीच का विचारत नाही, त्याचं उत्तर त्या न धुतलेल्या ढिगात आहे.

एक तारा कापला तो केट कारमॅकसाठी. १६ ऑगस्ट १८९६ च्या ज्या शोधामुळे हे सगळं घडलं, तो लावणाऱ्यांत तिचा नवरा जॉर्ज होता, तिचा भाऊ स्कूकम जिम होता. ती टॅगिश या तिथल्या मूळ समाजातली. १९०० मध्ये जॉर्जने तिला सोडून दुसरं लग्न केलं, ती आपल्या माणसांत परतली आणि १९२० मध्ये वारली. एवढी जिवंत कहाणी समोर असताना कादंबरीत तिच्यासाठी एकच ओळ आहे, तीही ‘कारमॅकची बायको’ म्हणून. क्लोंडाइक नदीच्या मुखाशी मासेमारी करणाऱ्या मूळ लोकांना मूसहाइड या वस्तीत हलावं लागलं, त्याचाही उल्लेख नाही. प्रेमकथेत ही माणसं मावली नसती असं मला वाटत नाही.

बांधणीही कच्ची आहे. दुसऱ्या वाचनातच खिंडीची पानं सुटली. नकाशा इतका बारीक की भिंग लागतं.

शेवट मात्र जपून वाचा. १८९९, अलास्कातल्या नोमला सोनं सापडल्याची बातमी येते आणि हजारो माणसं डॉसन सोडतात. ती खाणावळीत बसून सोन्याची भुकटी तोलायचा काटा पुसते. काट्याखाली घडी घालून ठेवलेला एक जुना हातमोजा आहे. पहिल्या दोन वाचनांत तो मला दिसलाच नव्हता.