डिफेंडरला झिप उघडायला लावून सात महिने झाले

माझं फोटो अल्बम आणि फ्लेक्स डिझाइनचं दुकान आहे. दिवसभर गिऱ्हाइकांच्या झिप येत असतात, पेनड्राइव्हवर, मेलवर. लग्नसराईत एकेक झिप सहा-सात जीबीची. मशीनवर विंडोज ११ प्रो आणि त्याच्याबरोबर येणारा डिफेंडर, बस्स. वेगळा अँटिव्हायरस विकत घेतलेला नाही.

डिफेंडर झिप, आरएआर उघडून तपासतो आणि ते सेटिंग मुळातच चालू असतं. माझ्याकडे बंद निघालं. ‘पीसी फास्ट करून देतो’ म्हणत आलेल्या एकाने आधी टॅम्पर प्रोटेक्शन, म्हणजे डिफेंडरच्या सेटिंगला लावलेलं कुलूप, घालवलं होतं, मग हे. मला बरेच दिवस पत्ताच नाही, कारण शंका आलेल्या झिपवर राइट क्लिक करून स्कॅन केलं की ते व्यवस्थित चालायचं. नेमकी फाइल दाखवून तपासायला सांगितली तर सेटिंग काहीही असो, डिफेंडर झिपमध्ये शिरतो. फुल स्कॅनमध्ये मात्र सगळ्या झिप तशाच राहात होत्या. आणि मी आपला खूश, फुल स्कॅन पाऊण तासात उरकतो म्हणून!

डिफेंडरची सेटिंग जिथे असतात ती विंडोज सिक्युरिटीची खिडकी पालथी घातली, पण यासाठी बटण कुठेच नाही. शेवटी पॉवरशेल, म्हणजे टाइप करून कमांड द्यायची विंडोजची खिडकी, अॅडमिन म्हणून उघडलं, डिफेंडरची सगळी सेटिंग दाखवणारी गेट-एमपीप्रेफरन्स ही कमांड चालवली आणि त्या मारुतीच्या शेपटाएवढ्या यादीत डिसेबल-आर्काइव्ह-स्कॅनिंगची ओळ सापडली. पुढे ‘ट्रू’. म्हटलं, चालू तर आहे! मग नावातल्या ‘डिसेबल’कडे लक्ष गेलं. ट्रू म्हणजे बंद. असली उफराटी नावं ठेवणाऱ्याला कोपरापासून नमस्कार. सेटिंग बदलणाऱ्या सेट-एमपीप्रेफरन्स कमांडने फॉल्स केलं आणि लगोलग टॅम्पर प्रोटेक्शन चालू केलं. ते चालू असलं की कमांड मारून कुणाला ही तपासणी बंद करता येत नाही.

खात्रीसाठी आयकारची चाचणी फाइल वापरली. ६८ अक्षरांची, निरुपद्रवी, पण सगळे अँटिव्हायरस तिला मुद्दाम व्हायरस मानतात. ती झिपमध्ये आणि ती झिप आणखी एका झिपमध्ये, अशी डी ड्राइव्हवर ठेवली. फुल स्कॅनने दोन्ही पदर उलगडून पकडली. पेनड्राइव्हवर ठेवली असती तर सापडली नसती. फुल स्कॅन मुळात पेनड्राइव्हकडे बघतच नाही. त्यावर आजही राइट क्लिकच करतो.

आता त्रासाचं. पाऊण तासाचा स्कॅन साडेचार तासांवर गेला. दुपारी चुकून सुरू झाला तर फोटोशॉप रडायला लागतं. म्हणून ग्रुप पॉलिसीत, म्हणजे विंडोजच्या आतल्या सेटिंगच्या खिडकीत, झिपच्या कमाल आकाराची मर्यादा टाकली. मुळात तिथे ० असतो, म्हणजे मर्यादा नाही. आकडा केबीत द्यायचा, म्हणून दोन जीबीसाठी २०९७१५२. लग्नाच्या मोठ्या झिप त्यामुळे सुटतात, पण त्या उघडल्यावर बाहेर पडणारी प्रत्येक फाइल रिअल-टाइम, म्हणजे त्याच क्षणी आपोआप होणाऱ्या, तपासणीतून जातेच. विंडोज होमवर ग्रुप पॉलिसीची खिडकी नसते, तिथे रात्री स्कॅन लावून झोपणं बरं.

पासवर्डच्या झिपपुढे मात्र डिफेंडर हतबल. मार्चमध्ये ‘कोटेशन’ नावाची झिप आली, पासवर्ड त्याच मेलमध्ये. स्कॅन स्वच्छ. उघडताना आतून पीडीएफचं चित्र लावलेली ईएक्सई, म्हणजे चालणाऱ्या प्रोग्रामची फाइल, निघाली, तेव्हा कुठे डिफेंडरने ती पकडली. तेव्हापासून असली झिप आली की आधी नुसती डबल क्लिक करून आतली नावं बघतो. पासवर्डच्या झिपमध्येही ती सहसा दिसतात.