कोरियनच्या ॲपसोबत एक वर्ष: सगळं भांडण 'ईओ'शी

परवा खात्यातून दोन हजार गेले. कोरियन शिकवणाऱ्या ॲपची वर्षाची वर्गणी आपोआप भरली गेली. तक्रार केली तर पैसे परत मिळणार नाहीत म्हणे, वर एक हसरं अस्वल पाठवलं. तेव्हा वर्षभराचा हिशोब आजच मांडतो.

हंगुल या कोरियन लिपीबद्दल तक्रार नाही. १४ व्यंजनं, १० स्वर, चार रात्रींत वाचता आलं. राजा सेजोंगने १४४६ साली ही लिपी सामान्य माणसासाठीच जाहीर केली होती, ते पटतं. क्रियापदही आपल्यासारखंच शेवटी. पण ॲप सगळं इंग्रजीतून फिरवून आणतं, म्हणजे सरळ घास डोक्यामागून.

त्यात प्रत्येक शब्दाखाली रोमन उच्चार. डोळे तिकडेच जातात. तिथे 'ई' आणि 'ओ' ही दोन अक्षरं मिळून एकच स्वर असतो, आपल्या 'ऑ'च्या जवळचा, पण ओठ गोल न करता. सोल शहराचंच बघा. स्पेलिंग बघून आपण 'से-ऊल' तोडतो, खरी फोड 'सॉ-उल'. मी पाच महिने 'इओ, इओ' करत होतो आणि ॲपचा माइक दर वेळी हिरवी खूण देत होता! पैसे कशाचे घेतात हे लोक?

मग चिडून वही घातली, उच्चार देवनागरीत. मित्रांना सांगत सुटलो की आपली लिपी असताना रोमन हवी कशाला. महिनाभरात तोंडावर पडलो. 'धन्यवाद'साठीच्या कोरियन शब्दात लिहितात 'हाप-नि', म्हणतात 'हाम-नि'. वहीत काय लिहू? ॲप याचा नियम सांगत नाही, नुसतं ऐकवतं. एके रात्री भांडी घासताना शाळेतली संधी आठवली. वाक् अधिक मय, वाङ्मय. तेच की हे! पुढे अनुनासिक आलं की मागचं व्यंजनही अनुनासिक. वही त्या दिवशी बंद केली.

मधल्या काळात चाकणला आमच्या कारखान्यातल्या कोरियन साहेबांना मी 'दांगशिन' म्हणून बसलो. ॲपमध्ये अर्थ 'तुम्ही'. साहेब आधी दचकले, मग हसून लाल झाले. हा शब्द नवरा-बायको एकमेकांना वापरतात, नाहीतर माणसं भांडणात. साहेबाला हुद्दा आणि त्यापुढे 'निम' लावायचं: 'बुजांगनिम'. आपण 'साहेब, चहा घेणार का?' म्हणतो तसंच. मराठी माणसाला हे एका ओळीत समजलं असतं.

तर या ॲपला एकच तारा देणार होतो. पण काल वर्गणी बंद करायचं बटण शोधताना सेटिंगच्या तिसऱ्या पानावर, अगदी तळाला, 'रोमन लपवा' सापडलं. वर्षभर तिथेच होतं. दोन तारे. दुसरा त्या बटणाचा, आणि ते तिथे लपवल्याबद्दल अर्धा कापायची सोय असती तर कापला असता. पुढच्या वर्षाचे पैसे गेलेच आहेत, ते वसूल होईपर्यंत वापरणार.