खिद्रापूरची शिल्प-छायाचित्रण कार्यशाळा: विषय उत्तम, वेळेचे गणित चुकलेले

कोल्हापूर जिल्ह्यातील खिद्रापूरच्या कोपेश्वर मंदिरात एका छायाचित्रण संस्थेने घेतलेल्या एकदिवसीय कार्यशाळेला मी नुकताच जाऊन आलो. मंदिरशिल्पांतील छायाकृती (उजेडासमोर नुसती काळी दिसणारी आकृती) आणि पुनरावृत्ती (एकच आकार रांगेने पुन्हा पुन्हा येणे) हा विषय, शुल्क 1,800 रुपये आणि शिकणारे आम्ही 22 जण. विषयाला याहून योग्य जागा सापडणे कठीण, हे आधीच मान्य करतो.

शिलाहारकालीन मंदिराचा पूर्वेकडील स्वर्गमंडप 48 खांबांवर उभा असून त्याच्या छताचा मधला भाग वर्तुळाकार उघडा ठेवलेला आहे. मार्गदर्शकांनी आम्हाला तेथे न थांबवता मागच्या अंधाऱ्या सभामंडपात नेले आणि उजेडाकडे तोंड करून उभे केले. प्रकाशमापन बाहेरच्या आकाशावर करून एक्स्पोजर, म्हणजे कॅमेऱ्यात किती उजेड घ्यायचा ते, तेथेच लॉक केले की खांब काळे पडतात, आणि इतका वेळ केवळ नक्षीकाम म्हणून पाहिलेल्या त्या दगडाची बाह्यरेषा, म्हणजे चौकोनी बैठकीवरून गोल होत जाणारी आणि वरच्या कड्यांपाशी पुन्हा रुंदावणारी रेषा, प्रथमच दिसू लागते. दोन खांब एकमेकांवर आले तर नुसता काळा ठोकळा उरतो, म्हणून प्रत्येक जोडीमध्ये उजेडाची फट राहील अशी जागा शोधायची. मी जेमतेम वीतभर डावीकडे सरकलो आणि चिकटलेले दोन खांब सुटे झाले. शुल्काचे पैसे माझ्या मते तेथेच वसूल झाले.

पुढे मात्र मार्गदर्शकांनी छायाकृती आणि पुनरावृत्ती हे दोन्ही उपाय सरसकट सगळीकडे लावले, आणि ते मला पटले नाही. बाह्य भिंतीवरील स्त्रीशिल्पे भिंतीतूनच उठावलेली असल्याने समोरून त्यांच्यामागे उजेड मिळत नाही. तेव्हा छायाकृती निघणार कशी? भिंतीला जवळजवळ गाल लावून बाजूने, वर आकाशाकडे पाहिले, तरच वाकलेले कोपर आणि नाकाची रेषा सुटी होते. ही युक्ती मला एका सहभागी आजोबांनी दाखवली.

गजपीठाची गोष्ट याहून वेगळी आहे. मंदिराचा भार पाठीवर घेतल्यासारखी हत्तींची ती रांग 200 मिलिमीटरच्या लेन्समधून तिरपी पाहिली की हत्ती जवळजवळ सरकून एकच लय तयार होते, आणि एफ 11 वर, म्हणजे लेन्सचे छिद्र लहान ठेवून, बरेचसे हत्ती स्पष्ट राहतात. पण तेथे खरी गंमत फरकांत आहे: अलंकार, पाठीवरची आकृती, कुठे भंगलेली सोंड. छायाकृती हेच फरक पुसून टाकते. खांबांना जे शोभते ते हत्तींना मारक ठरते, आणि तेथे काळ्या बेसाल्टवर तिरपा उजेड पडण्याची वाट पाहणेच बरे. भंगलेले हत्ती चौकटीबाहेर ठेवावेत, ही सूचनाही मी मानली नाही.

आता तक्रार. निमंत्रणात सकाळी 7 वाजता पोहोचण्याचे म्हटले होते, पण बस मंदिरापाशी थांबली तेव्हा साडेनऊ वाजले होते. पूर्वेचा कोवळा, क्षितिजालगतून तिरपा येणारा उजेड हाच या विषयाचा प्राण असताना तोच हुकला. मंदिर केंद्रीय पुरातत्त्व खात्याच्या संरक्षणाखाली असल्याने ट्रायपॉडसाठी आधी परवानगी लागते. ती कोणी घेतली नव्हती आणि निम्म्या लोकांनी ओझे फुकट वाहिले. छायाकृतीसाठी त्यावाचून अडले नाही, कारण आकाशाला जुळवलेला शटरवेग हातात धरलेल्या कॅमेऱ्यालाही पुरतो. अडले ते सभामंडपातील बारकावे टिपताना. शिवाय 22 जणांनी एकाच दारातून एकच चौकट घ्यायची म्हणजे अर्धा वेळ समोरच्याचे डोके टळण्याची वाट पाहण्यात गेला.

संस्थेने पुढच्या वेळी गट दहा जणांपुरता ठेवला आणि आदल्या रात्री नृसिंहवाडीला मुक्काम केला, तर मी पुन्हा नाव नोंदवीन.